काळ्या ढगाच्या काकू

काकूंची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या चपलांमुळे. अंबरनाथ पश्चिमेला त्यांच्या घराच्या तळमजल्यावर मी भाड्याने राहत होते आणि त्या वर. मी रात्री उल्हासनगरच्या एका ऑफिसात कामाला जायचे. अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर पेशंटबद्दल जे बोलून ठेवत, ते आम्ही आमच्या रात्री कानाला हेडफोन लावून टाईप करायचो. सकाळी परत येऊन, आंघोळ उरकून, पडदे ओढून मी आडवी झाले की वर चपला सुरू. फट्, फट्, फट्. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग एकदम शांत. मला जरा डुलकी लागतेय तोवर पुन्हा फट्, फट्.

काही दिवस सोसलं आणि एकदा तशीच गाऊनवर ओढणी घेऊन जिना चढले. दार सताड उघडं होतं. आत एक उंच, काटक बाई, पातळाचा पदर खोचलेला, धान्याच्या पत्र्याच्या कोठीसमोर उभी. कोठीवर कॉम्प्युटर. की-बोर्ड चहाच्या ट्रेमध्ये. खोलीत एकही खुर्ची नाही, खाट नाही, स्टूल नाही.

"काकू, जरा झोपू द्याल का? मला रात्रपाळी असते."

"मला पण," स्क्रीनवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या.

"आत्ता? आत्ता दुपार व्हायला आली."

"इथे. तिकडे मध्यरात्र आहे. बघ."

मी पाहिलं. स्क्रीनवर करड्या रंगाची बारीक रवाळ रांगोळी सांडल्यासारखे तारे होते आणि मधोमध काळा डाग. कोणीतरी ओला हात फिरवून रांगोळी पुसावी तसा.

"दिसला?" काकूंनी विचारलं.

"काय?"

"ढग."

मला झोप आली होती आणि रागही आला होता. मी म्हटलं, "मला काही दिसत नाही. नुसतं काळं आहे."

"तेच," त्या खूश होऊन म्हणाल्या. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि चालायला लागल्या. फट्, फट्, फट्.

त्या दिवशी मला कळलं ते असं. अमेरिकेतल्या एका वाळवंटात एका म्हाताऱ्याने घरामागे शेड बांधून दुर्बीण बसवली होती. शेडचं छप्पर रुळावरून मागे सरकायचं. इंटरनेटवरून चार-दोन हौशी लोकांना तो ती वापरू द्यायचा. आपण इथून आज्ञा द्यायची, तिकडे दुर्बीण वळायची, कॅमेरा उघडायचा आणि काही मिनिटं आकाशाकडे टक लावून बसायचा. तेवढा वेळ इकडे करण्यासारखं काही नसे. त्या वेळात काकू चालायच्या. फोटो आला की थांबायच्या, तपासायच्या, पुढचा लावायच्या, पुन्हा चालायच्या. असे खूप फोटो एकावर एक चढवले की मग कुठे त्या काळ्या डागाच्या कडा दिसायला लागत.

"म्हणजे बघ," त्या मला म्हणाल्या, "तू अमेरिकेच्या दिवसाची नोकरी करतेस, मी रात्रीची. आपण दोघी मिळून अख्खी अमेरिका सांभाळतोय."

यावर कोण रागावणार?

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या जमान्यात लागल्या आणि तो जमाना संपल्यावर मुदतीआधी निवृत्ती घेऊन बाहेर पडल्या. मिस्टर कारखान्यात होते, मी राहायला येण्याआधीच वारले होते. मूलबाळ नव्हतं. घरात खुर्ची का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "उभं आयुष्य बसून काढलं. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, मागे सुपरवायझर. लघवीला जायचं तरी हात वर करायचा. आता उरलेलं उभ्याने काढणार." आणि खरंच काढत होत्या. जेवायच्या ओट्याशी उभ्याने. पेपर वाचायच्या खिडकीच्या गजावर पसरून. भाजी निवडायच्या चालता चालता, ताटली डाव्या हातात धरून. त्यामुळे घरभर मेथीच्या काड्या पडलेल्या असायच्या.

एक्स्चेंजमधली एक सवय मात्र त्यांनी सोडली नव्हती. कोणी बोलायला आलं आणि लांबण लावली की त्या मधेच म्हणत, "थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड करू?" आणि समोरचा गोंधळून गप्प झाला की लाईन कट. विहाराच्या कमिटीतले लोक, मतं मागायला आलेला उमेदवार, एकदा तर गल्लीतल्या सुनेची तक्रार घेऊन आलेली सासू, सगळ्यांना त्यांनी तीन मिनिटांत वाटेला लावलं होतं. गल्लीत त्यांना भलतीच शिष्ट बाई समजत. मलाही आधी तसंच वाटलं. मग लक्षात आलं, शिष्टपणा नाही, घाई आहे. कसली घाई, ते मात्र बरेच दिवस कळलं नाही.

रंगीबेरंगी ढगांचे फोटो त्यांनी कधी काढलेच नाहीत. आकाशात गुलाबी, निळे, मोरपंखी ढग असतात. मी नेटवर पाहिले होते, डोळे फिरावेत असे. मी एकदा म्हटलं, "काकू, असला एखादा काढा ना. वॉलपेपर करीन."

"ते सगळेच काढतात," त्या म्हणाल्या. "लग्नाचा अल्बम असतो तसले. नटूनथटून उभेच असतात."

"आणि तुमचे?"

"माझे ढग दिसतच नाहीत. मागचे तारे झाकले जातात, त्यावरून ओळखायचं की इथे कोणीतरी उभं आहे. पूर्वी मोठमोठ्या दुर्बिणीवाल्यांना वाटायचं, आकाशाला भोक पडलंय. भोक! धूळ आहे ती, थंडगार. आणि तारे तिथेच जन्माला येतात, त्या काळ्यात. थ्री मिनिट्स ओव्हर."

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला विहाराच्या कमिटीने त्यांच्याकडे एक फोटो मागितला. परदेशी दुर्बिणीतून काढलेला फोटो, गल्लीचं नाव होईल, असा विचार. काकूंनी सीडी दिली. कमिटीने ती उल्हासनगरला फ्लेक्सवाल्याकडे धाडली. संध्याकाळी हॉलमध्ये भलामोठा फ्लेक्स लागला आणि काकू समोर जाऊन उभ्या राहिल्या त्या हलेचनात. मी म्हटलं, "छान आलाय की!"

"ढग कुठाय?"

खरंच, ढग नव्हता. जिथे काळा डाग होता तिथे ताऱ्यांची नुसती गर्दी. फ्लेक्सवाल्याला फोन लावला. काकूंनी स्पीकर चालू केला.

"अरे मॅडम, वो बीच में पूरा जगह खाली था," पलीकडून आवाज आला. "अच्छा नहीं दिख रहा था. मैंने बाजू से स्टार कॉपी करके भर दिया. उसका अलग से कुछ नहीं लिया."

काकूंनी फोन ठेवला. त्या भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. कमिटीच्या टेबलावरून काळा मार्कर उचलला आणि वंदना चालू असताना, भाषणं चालू असताना, खीर वाटली जात असताना भिंतीपाशी उभं राहून एकेक खोटा तारा काळा करत राहिल्या. लोक खीर खात बघत होते. कोणी हसलं. अध्यक्ष भाषण थांबवून म्हणाले, "ताई, राहू द्या ना, कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," काकू मागे न बघता म्हणाल्या.

मार्करची शाई संपली. अर्धा ढग तसाच राहिला. त्या घरी निघून गेल्या आणि त्या रात्री मी कामाला निघाले तरी वरची पावलं थांबली नव्हती.

त्यांच्या अस्वस्थपणाला त्या वर्षी आणखी एक कारण होतं. उन्हाळा आला आणि लोडशेडिंग वाढलं. रोज कित्येक तास वीज जायची, आणि नेमकी दिवसा, म्हणजे काकूंच्या रात्री. आज या गावाची सकाळ, उद्या त्या गावाची दुपार, वेळापत्रक बदलत राहायचं. कॉम्प्युटरला जोडलेला बॅटरीचा डबा पिपाणीसारखा ओरडायचा आणि थोड्या वेळात दम सोडायचा. लाईन तुटली की तिकडची दुर्बीण थोडा वेळ वाट बघायची आणि मग आपोआप छप्पर ओढून घेऊन झोपी जायची. मग ती पुन्हा उठवायला म्हाताऱ्यालाच उठावं लागे. काकूंना ते फार लागायचं. "झोपमोड होते बिचाऱ्याची," म्हणायच्या. माझ्या झोपेबद्दल असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

त्या म्हाताऱ्याला काकूंनी कधी पाहिलं नव्हतं, त्याचा आवाजही ऐकला नव्हता. नुसतं लिहायचे एकमेकांना. तो त्यांना 'ऑपरेटर' म्हणायचा. कारण पहिल्याच दिवशी तिकडे ढग आले, साधे, पावसाचे, तेव्हा काकूंनी त्याला आपल्या एक्स्चेंजच्या इंग्रजीत लिहिलं होतं, "काइंडली होल्ड द लाईन." दोघांनाही काळ्या ढगांचंच वेड. वृश्चिकाच्या डोक्यावर, भुजंगधारीच्या पायाशी एक लांबलचक काळा ढग आहे. त्याच्या एका फाट्यावर दोघांचा डोळा होता. काकूंनी त्याचे पुष्कळ फोटो जमवले होते. अजून एका रात्रीचे हवे होते, पण कधी तिकडे ढग, कधी इकडे अंधार.

आणि मग म्हाताऱ्याचं पत्र आलं. काकूंनी मला वर बोलावून ते वाचायला लावलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. आपण वाचलंय ते बरोबरच आहे का, हे त्यांना बघायचं होतं. बरोबरच होतं. त्याची फुप्फुसं थकली होती. मुलगी त्याला आपल्या गावी नेत होती. दुर्बीण उतरवायची, शेड पाडायची. उद्याची रात्र स्वच्छ आहे आणि ती शेवटची आहे. ती पूर्ण रात्र ऑपरेटरची, लाईन तुटली तरी छप्पर उघडंच राहील.

"उद्या आपली लाईट कधी जाणार?" काकूंनी विचारलं.

मी पेपर बघितला. उद्या अंबरनाथची पाळी ऐन दुपारी होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले ती झोपलेच नाही. काकूंनी फोटो सुरू केले होते आणि वीज असेपर्यंत एकामागून एक लावत राहिल्या. पंखा मंदावला, थांबला, डबा ओरडायला लागला. काकूंनी सगळं नीट मिटवलं, पिशवी घेतली, आणि विचारलं, "येतेस?" मी ओढणी घेतली.

उल्हासनगरला फर्निचरच्या बाजारामागे एक सायबर कॅफे होता. मालक सिंधी, काकूंना चांगला ओळखणारा, कारण काकू त्याच्या मॉनिटरचा ब्राइटनेस बदलून ठेवायच्या आणि तो दर वेळी शिव्या घालायचा. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा घामाने डबडबलेलो होतो. त्याने आधी पापड आणि गार पाणी पुढे केलं. "पहले पानी पियो, आंटी. बाहर आग लगी है." काकूंनी उभ्याउभ्याच पापड मोडला, एका हाताने पासवर्ड घातला. दुर्बीण जागी होती. पहिला फोटो आला. मालक मान वाकवून बघायला लागला, मग फडकं घेऊन त्याने स्क्रीन पुसली.

"आंटी, ये दाग जाता नहीं है."

"जाएगा भी नहीं," काकू म्हणाल्या. "हात मत लगाओ."

इथे त्यांना चालायला जागा नव्हती. दोन रांगांमधल्या बोळातून त्या जा-ये करायला लागल्या. गेम खेळणारी पोरं पाय आखडून घेत होती. काही फोटो झाले आणि वीज गेली. वेळापत्रकात नव्हतं, तरी गेली. सगळा बाजार एकदम ओरडला आणि दुकानादुकानासमोर जनरेटर धडधडू लागले. आमच्या मालकानेही दोरी ओढली. पुन्हा ओढली. जनरेटर खोकला आणि गप्प झाला.

"आंटी, सॉरी. कल ही मेकॅनिक को बोला था."

काकू बाहेर आल्या. उन्हात उभ्या राहिल्या. फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या होत्या तशाच, न हलता. त्या रस्त्याकडे बघत होत्या, पण त्यांना रस्ता दिसत नसावा.

"बदलापूरची वीज सकाळीच जाऊन आली असेल," मी म्हटलं. पेपरात वाचलं होतं.

"हो."

"तिथे कोणी आहे का ओळखीचं?"

'ओळखीचं' हा शब्द मी सहज वापरला. काकूंचा चेहरा असा झाला की मी चपापले. मग त्यांनी हात करून रिक्षा थांबवली आणि म्हणाल्या, "बदलापूर."

रिक्षात त्यांनी जे सांगितलं ते वाऱ्यात अर्धं उडून जात होतं. बदलापूरला त्यांची धाकटी बहीण होती. सख्खी. मिस्टर चांगल्या हुद्द्यावर, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट. फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांत केली. "आमच्यात वास्तुशांत!" काकू म्हणाल्या. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, ती शोभेची म्हणून खपून गेली. पण आमच्या घराघरात असते ती तसबीर, निळ्या कोटातली, ती आत बेडरूममध्ये गेली होती. काकू तरीही गप्प बसल्या. मग एका बाईने विचारलं, ह्या कोण? आणि धाकटी म्हणाली, "आमच्या ओळखीच्या. टेलिफोनमधल्या."

"मी ताट तसंच ठेवून निघाले. त्याला झाली आता बरीच वर्षं."

"मग आज?"

"आज तिच्याकडे लाईट आहे," काकू म्हणाल्या. त्यानंतर बदलापूर येईपर्यंत त्या रिक्षाचा दांडा धरून पुढे वाकून होत्या, जणू आपण वाकलो तर रिक्षा लवकर पोचेल.

दार धाकटीने उघडलं. तोच नाकाचा बांधा, तीच उंची, फक्त केस रंगवलेले आणि साडी परीटघडीची. आतून हसण्याचा गलका येत होता. हॉलमध्ये भिशी भरली होती. बायकांच्या हातात पन्ह्याचे ग्लास होते.

"आक्का?" ती हळूच म्हणाली.

"तुझ्याकडे लाईट आहे?"

"आहे."

"नेट?"

"आहे. पोरीच्या कॉम्प्युटरवर. पण आक्का, आत्ता..."

"मग बाजूला हो."

आम्ही बायकांच्या मधून वाट काढत बेडरूममध्ये गेलो. धाकटीने घाईने मागून दार लावून घेतलं. कॉम्प्युटर खिडकीशी होता आणि त्याच्या वरच्या भिंतीवर ती तसबीर, ताजा हार घातलेली. काकूंनी एकदा वर पाहिलं, मग स्क्रीनकडे. दुर्बीण अजून जागी होती. तिकडे उजाडायला वेळ होता. काकूंनी फोटो लावला आणि पाय उचलला.

पण चालणार कुठे? खोलीत पलंग, कपाट, शिवणयंत्र. दोन पावलांवर भिंत. काकूंनी इकडे तिकडे पाहिलं, दार उघडलं आणि हॉलमध्ये गेल्या. बायकांच्या मधून गॅलरीपर्यंत. वळल्या. परत. फट्, फट्, फट्. एकेकीने पाय जवळ घेतले, ग्लास उचलले. गप्पा थांबल्या. काकूंना त्याचं काही नव्हतं. त्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत पुन्हा गॅलरीकडे निघाल्या.

"ह्या कोण हो?" एका बाईने विचारलं. दुसरी म्हणाली, "अगं ह्या त्या टेलिफोनवाल्या ना? वास्तुशांतीला आल्या होत्या बघ. ह्यांच्या ओळखीच्या."

धाकटी जग हातात घेऊन उभी होती. पन्हं ओतता ओतता तिचा हात थांबला. मी बेडरूमच्या दारात होते, मला तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, बायकांकडेही नाही. ती चपलांकडे बघत होती. टाच झिजलेली ती चप्पल तिच्या चकचकीत लादीवर धूळ सांडत चालली होती.

"ओळखीची नाही," ती म्हणाली. "आक्का आहे माझी. सख्खी मोठी बहीण. मला तिने शिकवलंय."

काकू तेव्हा गॅलरीपाशी पोचल्या होत्या. वळल्या, त्याच चालीने परत आल्या, धाकटीच्या जवळून गेल्या, आत आल्या. चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी माऊसवर हात ठेवला. फोटो येऊन गेला होता. पुढचा लावायला हवा होता. त्यांनी लावला नाही. हात माऊसवर तसाच. तिकडे वाळवंटात कॅमेरा आज्ञेची वाट बघत होता, आकाश सरकत होतं, आणि काकू नुसत्या उभ्या. काकूंनी मिनिट वाया घालवलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"काकू," मी हलकेच म्हटलं.

"हां," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

बायका आत डोकवायला आल्याच. अमेरिकेतली दुर्बीण इथून चालते म्हटल्यावर कोण थांबणार? त्यांनी स्क्रीनवर पाहिलं, मग स्क्रीनच्या वर. एकीची नजर तसबिरीवर गेली, हारावर गेली आणि तिथून धाकटीकडे आली. "अगंबाई, मला जायला हवं, गॅसवर दूध आहे," असं म्हणून ती निघाली. तिच्यामागून आणखी एक-दोघी. पन्ह्याचे अर्धे ग्लास टीपॉयवर राहिले. धाकटीने ते उचलले नाहीत. एक वजनदार बाई मात्र पलंगावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही मला नीट सांगा. यात आहे काय?" काकूंनी सांगितलं. ती बाई प्रश्न विचारत गेली आणि काकूंनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग फोटो फिकट यायला लागले. तिकडे उजाडत होतं. शेवटचा फोटो नुसता राखाडी आला. म्हाताऱ्याने लिहिलं, शुभ सकाळ, ऑपरेटर, मी आता छप्पर बंद करतो. काकूंनी आधी रात्रीचे सगळे फोटो जपून ठेवले. मग टाईप केलं, "थँक यू. डिस्कनेक्टिंग." आणि केलं. धाकटी मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "आक्का, जेवलीस का?"

त्यानंतरच्या गोष्टी सगळ्याच काही गोड झाल्या असं नाही. धाकटीच्या भिशीतल्या निम्म्या बायका गळाल्या. जिन्यात भेटल्या की घाईत असायच्या. धाकटी त्यावरून रडली, काकूंना फोन करून भांडलीही, "तुला काय, तू येतेस आणि जातेस, राहायचं मला आहे." काकू म्हणाल्या, "राहा की मग." दोन दिवस अबोला, मग पुन्हा फोन. ती वजनदार बाई मात्र यायची. हॉलमधली मूर्ती आणि आतली तसबीर शेवटी एका भिंतीवर आली, पण ते लगेच नाही, पुढच्या दिवाळीनंतर.

फोटो पुरा व्हायला काही आठवडे लागले. मी तो पाहिला तेव्हा पहिल्यांदा मलाही ढग दिसला. ताऱ्यांच्या गर्दीत पसरलेला, काळा, कडेला किंचित तांबूस आणि आत, अगदी आत, एक लालसर ठिपका. "ही चांदणी आत्ता पेटतेय," काकू म्हणाल्या. म्हाताऱ्याला त्यांनी फोटो पाठवला. उत्तर त्याच्या मुलीने लिहिलं, बाबांनी तो पलंगासमोर लावून घेतलाय. पुढे काकूंना ऑस्ट्रेलियातली एक दुर्बीण मिळाली. तिकडची रात्र आपल्या दुपारपासून सुरू होते, त्यामुळे माझी सकाळची झोप वाचली आणि संध्याकाळची गेली. वर्षभराने मी ते घर सोडलं.

पण काकू आठवल्या की मला त्याच उन्हाळ्यातला एक रविवार आठवतो. पाऊस तोंडावर आला होता. धाकटी सकाळीच अंबरनाथला आली, आपणहून, आणि म्हणाली, "आक्का, बारवीचं पाणी पार खाली गेलंय म्हणे. चल." मलाही बरोबर घेतलं. दोघींचं गाव त्या बारवी धरणात गेलं होतं. त्या लग्न होऊन गावाबाहेर पडल्यानंतर गेलं, पण गेलं.

पाणी खरंच खूप आत गेलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून आम्ही चालत होतो. काकू नेहमीप्रमाणे पुढे, भराभर, इकडे वाक, तिकडे दगड उलथ. धाकटी साडी सावरत माझ्याबरोबर. तिने मला बोटाने दाखवलं, तिथे देऊळ, तिथे पाटलांचं घर, तिथे शाळा. "शाळेच्या भिंतीवर गुरुजींनी गावाचा नकाशा रंगवला होता," ती म्हणाली. "देऊळ, विहीर, ओढा, सगळं. आक्का उभी राहिली आणि म्हणाली, गुरुजी, आमची वस्ती कुठे? गुरुजी म्हणाले, तिकडे काही नाही, मोकळी जागा आहे. ती घरी येऊन आमच्या बाला सांगायला लागली. बा म्हणाला, गुरुजींना म्हणावं, उद्या चहाला या."

"आले?"

"नाही आले. आईने मात्र अंगण सारवून ठेवलं होतं."

काकूंनी लांबून हाक मारली, "हे बघ, ही आपली चूल!"

"ती आपली नाही!" धाकटी ओरडली. "आपलं घर आणखी इकडे. तुला दिशाच कळत नाहीत."

"मला कळत नाहीत? मला?"

दोघी भांडत भांडत पुढे गेल्या. आणि धाकटी एका सपाट कातळापाशी थांबली. कातळात एक खळगा होता, गाळाने भरलेला. तिने साडीचा विचार न करता गुडघे टेकले आणि हाताने गाळ उपसायला सुरुवात केली. आत गोल, गुळगुळीत उखळ होतं. काकू बाजूला उभ्या होत्या. मी पाण्याची बाटली पुढे केली. धाकटीने ते उखळ धुतलं, पदराने पुसलं.

गुरं घेऊन एक म्हातारा चालला होता. आम्हाला बघून थांबला. "काय हरवलंय का बाय? हितं तर कोन ऱ्हात नवतं."

काकूंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी धाकटी उठून उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल, रंगवलेल्या केसांत धूळ. इतक्या वर्षांत तिने घासूनपुसून स्वच्छ केलेली भाषा कुठल्या कुठे गेली.

"आमी ऱ्हात होतो," ती म्हणाली. "ह्ये आमचं घर हाय."